केळवणापासून डोहाळजेवणापर्यंत

(माता-आरोग्य या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी घरात गर्भवतीचे कौतुक होते ते डोहाळजेवणाच्या निमित्ताने. हा समारंभ साधारणतः सातव्या महिन्यात येतो. हिरवी साडी, फुलांची वाडी, भरलेली ओटी आणि तिच्या आवडीच्या पदार्थांनी सजलेले ताट. एरवी सर्वांचे झाल्यावर जेवायला बसणारी सून त्या दिवशी पाटावर प्रथम बसते. या प्रथेमागील भाव थोर आहे, यात संशय नाही. परंतु गर्भाच्या घडणीचे वेळापत्रक पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्या दिवसांत त्या बाळाचा कणा आणि मेंदू यांचा पाया घातला जात होता, त्या दिवसांत तिच्या ताटाकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून तयार होतात, ती गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. आरंभी ती एका चपट्या पट्टीसारखी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि सांधल्या जातात. हा सांधा खालच्या बाजूस अपुरा राहिला, तर मूल दुभंगलेल्या कण्याचे जन्मते. वैद्यक त्यास ‘स्पायना बायफिडा’ म्हणते. अशा अनेक मुलांचे पाय लुळे असतात, मलमूत्रावर ताबा नसतो, डोक्यात पाणी साठते. हा सांधा डोक्याच्या बाजूस अपुरा राहिला, तर कवटी आणि मेंदूच पूर्ण घडत नाहीत आणि असे बालक जगत नाही. भारतात झालेल्या निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्रित विचार करता, हजार जन्मांमागे सुमारे चार बालकांत हे व्यंग आढळते.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना दिवस गेल्याची खातरीही झालेली नसते. डॉक्टरांकडे नाव नोंदवले जाते, तपासण्या होतात, गोळ्या सुरू होतात, त्या वेळी तो सांधा जुळलेला तरी असतो किंवा कायमचा उघडा तरी राहिलेला असतो. या सांध्यासाठी शरीराला जे जीवनसत्त्व विशेषत्वाने लागते, त्याचे नाव फोलेट. ‘ब’ गटातील हे नववे जीवनसत्त्व. औषधाच्या गोळीत जे असते, त्या कृत्रिम आणि टिकाऊ रूपास फोलिक आम्ल म्हणतात.

फोलेटचे शरीरातील कार्य समजून घेतले, म्हणजे त्याच्या अभावाचे परिणाम आपोआप उलगडतात. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. ही प्रत तयार करण्याचे एक साहित्य फोलेटवाचून बनत नाही. म्हणून ज्या ठिकाणी पेशी वेगाने वाढतात, तेथे फोलेटची टंचाई प्रथम जाणवते. अस्थिमज्जेत रात्रंदिवस रक्तपेशी घडत असतात. फोलेट अपुरे पडले की त्या पेशी आकाराने वाढतात, पण त्यांचे विभाजन होत नाही. मोठ्या, अपक्व आणि संख्येने तोकड्या अशा पेशींचे रक्त हेच या रक्तक्षयाचे लक्षण होय. थकवा, धाप, फिकट चेहरा, लालबुंद दुखरी जीभ, तोंडात वारंवार येणारे व्रण, चिडचिड ही त्याची बाह्य चिन्हे. आणि गर्भाइतक्या वेगाने पेशी तरी अन्यत्र कोठे वाढतात?

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ मुंबईत झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर बाळंतपणातील मृत्यूंच्या चौकशीसाठी मुंबईस आल्या. गिरणी कामगारांच्या वस्त्यांतील गरीब गर्भवतींमध्ये एक विलक्षण रक्तक्षय आढळत होता. रक्तपेशी मोठ्या, स्त्री निस्तेज, आणि पुष्कळदा बाळंतपणातच तिचा अंत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी जंतूंचा शोध घेतला, तो निष्फळ ठरला. मग त्यांनी या स्त्रिया काय खातात आणि कशा राहतात, याची पाहणी केली. त्यांच्या संशोधनलेखांवर मेहता आणि तळपदे या सहकाऱ्यांची नावे आहेत. पाहणीत दिसले ते असे, की ज्या स्त्रियांच्या आहारात भाज्या, फळे, दूध यांचा अभाव, त्यांच्यातच हा आजार अधिक. पुढे तसाच निकृष्ट आहार माकडांना देऊन प्रयोग झाले. यिस्टचा अर्क दिल्यावर माकडे सुधारली, आणि तोच स्वस्त अर्क दिल्यावर मुंबईच्या त्या माताही बऱ्या झाल्या. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्कातील तो अज्ञात घटक काही काळ ‘विल्स घटक’ या नावाने ओळखला जात असे.

१९४१ साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे चार टन पालकापासून एक द्रव्य वेगळे केले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्यांनी त्यास फोलिक आम्ल असे नाव दिले. हे द्रव्य प्रयोगशाळेत घडवण्याचा मान मात्र ज्या गटाला मिळाला, त्याचे नेतृत्व एका भारतीयाकडे होते. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे झाला. संग्रहणीच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ अल्पावधीत दगावले, आणि स्वतः सुब्बाराव त्याच विकारातून एका आयुर्वेदाचार्यांच्या उपचारांनी वाचले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादी वापरली, त्यामुळे इंग्रज प्राध्यापकांचा रोष ओढवला आणि पूर्ण पदवीऐवजी त्यांना कनिष्ठ पदवीवर समाधान मानावे लागले. पुढे अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या गटाने १९४५ साली फोलिक आम्लाचे संश्लेषण केले. ज्या संग्रहणीने भावांना नेले, तिच्यावरही हे औषध गुणकारी ठरले. १९४८ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सुब्बाराव यांचे अमेरिकेतच निधन झाले. फोलिक आम्लाची गोळी आज स्वस्तात मिळते. तिच्यामागे मुंबईच्या वस्तीतील माता आणि भीमावरमचा हा तपस्वी उभा आहे, याचे स्मरण असावे.

रक्तक्षयाचा उलगडा झाला, तरी बाळाच्या कण्याशी असलेला संबंध सिद्ध होण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १९६५ साली हिबर्ड आणि स्मिथेल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी अशी व्यंगे आणि फोलेटचा अभाव यांचा संबंध असावा, असे निरीक्षण मांडले. निर्णायक पुरावा १९९१ साली हाती आला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत एक चाचणी घेतली होती. ज्यांना पूर्वी असे बालक झाले होते, अशा स्त्रिया तीत सहभागी होत्या. ज्यांना फोलिक आम्ल मिळाले त्यांच्यात ६ गर्भांत व्यंग आढळले, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात २१ गर्भांत. म्हणजे धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला. हा परिणाम इतका स्पष्ट होता, की चाचणी पुढे चालवणे अनुचित ठरून ती थांबवण्यात आली. १९९२ साली हंगेरीतील चाचणीने दाखवले, की ज्यांना पूर्वी असे मूल झालेले नाही, त्यांनाही हे संरक्षण लाभते. मात्र या दोन्ही चाचण्यांत गोळी गर्भधारणेच्या आधीपासून दिली गेली होती.

हे ध्यानी घेऊन अमेरिकेने १९९८ पासून पीठ आणि अन्य धान्यपदार्थांत फोलिक आम्ल मिसळणे सक्तीचे केले. अनेक देशांनी तोच मार्ग धरला, ब्रिटनने २०२४ मध्ये तसा नियम केला. तेथील स्त्रीने काही ठरवले नाही, तरी पावाबरोबर हे जीवनसत्त्व तिच्या पोटात जाते. आपल्याकडे ज्वारी, बाजरी आणि बराचसा गहू कोपऱ्यावरच्या गिरणीत दळला जातो. घराघरांतील हे ताजे पीठ हे आपल्या आहाराचे वैभव आहे, पण त्यात कोणी काही मिसळत नाही. साहजिकच आपल्याकडे ही जबाबदारी घराच्या स्वयंपाकघरावर आणि वेळेवर घेतलेल्या गोळीवर येते.

प्रथम स्वयंपाकघराचा विचार करू. पालक, मेथी, चवळई, शेपू यांसारख्या हिरव्या पालेभाज्या, हरभरा, चवळी, राजमा, मूग, मसूर ही कडधान्ये व डाळी, शेंगदाणे, संत्री ही फोलेटची चांगली साधने होत. यांतील एकही वस्तू दुर्मीळ नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीस दिवसाला २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागते, गर्भवतीस मात्र ५७०. म्हणजे गरज अडीच पटीने वाढते. अन्नातील फोलेट नाजूक असते. ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. अमेरिकेतील व्हिक्टर हर्बर्ट या डॉक्टरांनी १९६१ साली स्वतःवरच प्रयोग केला. तीन-तीन वेळा उकळून पाणी टाकून दिलेले अन्न त्यांनी कित्येक महिने खाल्ले. साडेचार महिन्यांत त्यांना हा रक्तक्षय जडला. फोलेटचा साठा शरीरात काही महिनेच पुरतो, हे त्यातून कळले. शिवाय, भरपूर खाऊनही चुकीच्या शिजवण्याने माणूस फोलेटला वंचित राहू शकतो, हेही त्यातून सिद्ध झाले.

म्हणून भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर पाण्यात ठेवू नये. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, मऊ होईपर्यंतच शिजवावी आणि शिजल्यावर लवकर खावी. शिजवलेले पाणी मोरीत ओतू नये. आपल्या आजी-पणजींनी पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवल्यावर वरचे पाणी कधी टाकले नाही. त्याची कटाची आमटी केली. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातलेली पालकाची किंवा अळूची पातळ भाजी म्हणजे तर फोलेट देणाऱ्या वस्तूंचा एका भांड्यातील मेळच. मटकी, मूग, हरभरा यांना मोड आणले, की त्यांतील फोलेटचे प्रमाण वाढते. काही घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करण्याचा नेम असतो. तो नेम पाळणाऱ्यांनी त्या काळात मोड आलेल्या कडधान्यांचे प्रमाण वाढवावे, म्हणजे नेमही राहतो आणि देहाची हानीही होत नाही. उपवासाच्या साबुदाण्यात फोलेट नाममात्र असते, हेही ध्यानात असावे.

मात्र केवळ आहारावर विसंबून चालेल काय? येथे पुण्याजवळच्या खेड्यांतील एक महत्त्वाचा अभ्यास मार्गदर्शक ठरतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये या खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू झाला. या गर्भवतींमध्ये फोलेटची कमतरता क्वचितच आढळली. याउलट सुमारे दोनतृतीयांश जणींमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाचा अभाव होता. बी-१२ दूध, दही, अंडी, मांस यांतूनच मिळते. शाकाहारी घरात, त्यातही जेथे सुनेच्या वाट्याला दुधाचा शेवटचा घोट येतो तेथे, ते कमी पडणे स्वाभाविक आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती सर्वाधिक होती.

यातून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा, की रक्तक्षय टाळण्यापुरते फोलेट आणि बाळाच्या कण्याचा सांधा निर्वेध जुळण्यासाठी लागणारे फोलेट, ही दोन मापे वेगळी आहेत. दुसरे माप मोठे आहे. म्हणूनच सकस आहार घेणाऱ्या स्त्रीलाही गर्भधारणेच्या आधीपासून पहिले तीन महिने दररोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घेण्यास सांगतात. दुसरा बोध असा, की फोलेट आणि बी-१२ हे जोडीने काम करतात. एकट्या फोलिक आम्लाने बी-१२ च्या अभावी होणारा रक्तक्षय बरा झालेला दिसतो, परंतु नसांची हानी आत चालूच राहते. हातापायांस मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण ही चिन्हे दिसतात, तोवर उशीर झालेला असतो. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमची असते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापटींहून अधिक होते. ती मनाने घेऊ नये. ज्यांना पूर्वी असे बालक झाले आहे, ज्यांना मधुमेह आहे, ज्या फिट्सवरची औषधे घेतात, त्यांच्यासाठी मोठी मात्रा असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावयाची. शाकाहारी स्त्रीने त्याचबरोबर बी-१२ ची तपासणी करून घ्यावी, हे श्रेयस्कर.

आणखी काही गटांची स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या वनवासी भागांत सिकलसेलचा विकार आढळतो. त्यात रक्तपेशी लवकर मोडतात, नव्या सतत घडवाव्या लागतात आणि फोलेटचा साठा झपाट्याने संपतो. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्झेट घेणाऱ्यांना डॉक्टर फोलिक आम्ल देतात, कारण ते औषध फोलेटच्या कार्यातच अडथळा आणते. मद्यपानाने फोलेटचे शोषण आणि साठा दोन्ही घटतात. तान्ह्या बाळास केवळ शेळीच्या दुधावर वाढवले, तर त्यालाही हा रक्तक्षय होतो, कारण त्या दुधात फोलेट अत्यल्प असते.

शासनाचे प्रयत्न जुने आहेत. १९७० पासून लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्यांची योजना देशात आहे. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किशोरवयीन मुलामुलींसाठी आठवड्यातून एकदा निळी गोळी आणि गर्भवतीसाठी दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस दररोज लाल गोळी ठरवण्यात आली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. यात लोहाच्या अभावाचा वाटा मोठा आहे. पण गोळीचे पाकीट घरात येणे आणि गोळी पोटात जाणे यांत अंतर असते, हेही तितकेच खरे. ‘गोळीने मळमळते’, ‘बाळ काळे होते’ अशा समजुतींनी पाकिटे फडताळात पडून राहतात. गोळीने बाळाचा वर्ण पालटत नाही. मळमळत असेल, तर रात्री जेवणानंतर ती घ्यावी. हे सांगणारे एक विश्वासाचे माणूस वस्तीत असले, तरी पुष्कळ काम होते. आणि लाल गोळी दुसऱ्या तिमाहीत सुरू होते, तेव्हा बाळाचा कणा केव्हाच घडलेला असतो, हे विसरता कामा नये. त्याआधीची चारशे मायक्रोग्रॅमची गोळी वेगळी. ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी ठाऊक असावी लागते.

सेवावस्त्यांत संपर्कासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि मध्यमवर्गीय घरांतील वडीलधाऱ्यांना येथे करण्याजोगे काम आहे. विवाह ठरला, की घरोघर केळवणे होतात. नवरीला बोलावून जेवू घालण्याची ही रीत आहे. त्याच वेळी आईने, मावशीने, आत्याने तिला जवळ बसवून ही चार वाक्ये सांगावीत. रक्ततपासणी करून घे, बी-१२ बघ, मुलाचा विचार कराल त्याच्या निदान एक महिना आधीपासून ही गोळी डॉक्टरांना विचारून सुरू कर, आणि सर्वांबरोबर पोटभर जेव. हेच नवऱ्या मुलालाही सांगावे, कारण हा विषय एकट्या स्त्रीचा नव्हे. सासूबाईंनी इतकेच पाहावे, की पालेभाजीचे पातेले सुनेपर्यंत येता येता रिकामे होत नाही आणि दुधाची वाटी तिच्याही ताटाशी असते.

येथे एक भान राखणे अगत्याचे आहे. ज्या मातेच्या पोटी असे मूल आले, तिला दोष देऊ नये. सारी काळजी घेऊनही काही बालकांत हे व्यंग राहते, कारण त्यामागे फोलेटव्यतिरिक्तही कारणे आहेत. अशा घराला साथ हवी असते, आणि अशा मुलांपैकी अनेक जण वेळेवर शस्त्रक्रिया व उपचार मिळाल्यास शिकतात, कमावते होतात. पुढच्या वेळचा धोका टाळण्यासाठी त्या मातेला योग्य मात्रेची गोळी वेळेआधी मिळावी, हे पाहणे समाजाचे काम.

गर्भाची काळजी ही मुळात स्त्रीची काळजी आहे, आणि ती गर्भ राहण्यापूर्वीच सुरू व्हावी लागते, हा या साऱ्याचा मथितार्थ. सातव्या महिन्यात सजणारे ताट तिला रोज मिळत असेल, तर डोहाळजेवण हा केवळ आनंदाचा सोहळा ठरेल. तिच्या ताटात काय आहे आणि ती केव्हा जेवते, याकडे घराने रोज पाहावे. आज रात्री प्रत्येक घरात पाने वाढताना सुनेचे, लेकीचे पानही त्याच पंगतीत मांडावे. आरंभ तेवढ्याने होतो.